इशिताच्या गिटारवरचा गरुड

१४ सप्टेंबर, रविवार

ठरलं. इशिताची गिटार मीच रंगवणार.

गिटार म्हणजे खरी नव्हे. प्लास्टिकची, गेमची. तारा नाहीत, दांड्यावर पाच रंगीत बटणं. टीव्हीवर गाणं लागतं, पडद्यावरून रंगीत टिकल्या घसरत येतात, त्या त्या रंगाचं बटण दाबायचं. माझा मेहुणा स्वप्नील, त्याने कुठूनतरी जुन्यात मिळवून दिली. आता हे मॉडेल निघतच नाही म्हणे. झालं, तेव्हापासून मामा हिरो. दर रविवारी नवघरहून येतो, मामा-भाची दुपारभर खिदळतात. माझ्याकडे काम एकच, चहा झाला का ते बघायचं.

५ ऑक्टोबरला गेमिंग कॅफेत या गेमच्या स्पर्धेची फायनल आहे. पोरगी वर्षभर तिच्यामागे वेडी झालीय. पण आधी सहामाही परीक्षा, म्हणून मृणालिनीने गिटार माळ्यावर टाकली. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असा आदेश काढला. बायकोच्या कडकपणाचा पहिल्यांदाच फायदा झाला. काळी बॉडी, वर पंख पसरलेला सोनेरी गरुड. दसऱ्याला सरप्राइज. स्वप्नील तोंडात बोट घालेल.

मला इंटरमीजिएट ड्रॉइंगला सी ग्रेड होता. परीक्षक जळकुटा होता.

१७ सप्टेंबर

तीन व्हिडिओ बघितले. सगळे सांगतात, बटणं काढून ठेवा, पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा, प्रत्येक थर नीट सुकू द्या. या लोकांना नोकऱ्या नसतात का? प्रायमर कॅन्सल.

२१ सप्टेंबर, रविवार

इशिता क्लासला. गिटार माळ्यावरून काढली, खोलली. आत फारसं काही नाही. उगाच बाऊ करतात.

गॅलरीत काळा स्प्रे मारला. बटणं काढायला जमली नाहीत, म्हणून त्यांच्यावरही मारला. खरं तर तेच बरं दिसतं. हिरवं-लाल-पिवळं बालवाडीसारखं वाटत होतं. प्रो लोक बटणांकडे बघतच नाहीत.

परत जोडल्यावर काही स्क्रू उरले. कंपनी एक्स्ट्रा देते.

मृणालिनी म्हणाली, पराग, तिला एकदा विचार तरी. सरप्राइज विचारून देतात होय? या घरात माझ्या कुठल्याच कामावर कुणाचा विश्वास नाही.

२६ सप्टेंबर

गरुड काढला. छान उतरलाय. चोच जरा आखूड, पोट जरा मोठं. बसलेला गरुड आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ममताबाईंनी विचारलं, साहेब, कोंबडी का काढली? म्हटलं, गरुड आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि पुढे लादी पुसायला लागल्या. मृणालिनी किचनमध्ये जाऊन हसली. मला आवाज आला. हसा. खऱ्या कलाकाराला घरात किंमत नसते.

१ ऑक्टोबर

परीक्षा संपली. इशिताने आल्या आल्या गिटार मागितली. म्हटलं, उद्या मिळेल, सर्व्हिसिंगला दिलीय. ती एकदम घाबरली. कुणाला दिली, का दिली, बाबा रविवारी फायनल आहे, मला प्रॅक्टिस करायचीय. डोळ्यांत पाणी. म्हणजे उत्सुकता किती ताणली गेलीय बघा!

चकाकी कमी वाटली म्हणून ती झोपल्यावर लॅकरचा जाडसर हात मारला.

२ ऑक्टोबर, दसरा

या हवेत काहीही सुकत नाही. यात माझा दोष नाही.

सकाळी हात लावला तर बोट चिकटलं. पण मुहूर्त टाळणं मला पटत नाही. आपल्यात दसऱ्याला हत्यारं पुजतात, वाद्यं पुजतात. पोरीचं हत्यार हेच. मृणालिनी म्हणाली, ओली आहे, नुसतं लांबून ओवाळू. मी ऐकलं नाही. पाटावर ठेवली, स्वतः हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचा हार घातला. मग इशिताला डोळे मिटून बोलावलं.

हार निघेना. ओढला तर दोरा आला, पाकळ्या राहिल्या. हळद-कुंकू गरुडाच्या पोटात विरघळलं. अक्षता तर आता कायमच्या. मी म्हटलं, याला टेक्श्चर म्हणतात.

इशिताने बटणं दाबून बघितली. तीन आत गेली ती वर आलीच नाहीत. तिने गिटार परत पाटावर ठेवली. आत गेली आणि कडी लावली. एवढा आनंद एकदम पचत नाही माणसाला.

जेवायला आली नाही. श्रीखंड मी खाल्लं, वाया कशाला घालवा?

३ ऑक्टोबर

बटणं मोकळी करायला थिनर ओतला. प्लास्टिक विरघळतं हे बाटलीवर ठळक लिहायला नको? दांडा मऊ पडला आणि वाकला. त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. कलाकाराची सही.

इशिताकडे मीठ मागितलं. तिने आईला सांगितलं, त्यांना मीठ दे. त्यांना! मला अहो-जाहो करायला लागली. वय वाढलं की समज येते.

४ ऑक्टोबर

इशिता आज स्वतःहून दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, फायनल कॅन्सल झालीय. बरं झालं. सुटलो म्हणजे... सुटली बिचारी. आता निवांत दुरुस्त करीन.

५ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

घरात कुणी नव्हतं. ममताबाई आल्या, म्हणाल्या, ताईची आज फायनल ना? वहिनींबरोबर गेली. तुम्ही नाही गेलात?

मला लगेच कळलं. मी टेन्शन घेतो म्हणून लपवलं. गुणी पोर. गिटार उशीच्या अभ्र्यात घातली, रिक्षा केली. म्हटलं, ऐनवेळी लागली तर!

कॅफेत पोरंच पोरं. इशिता पुढे उभी, गळ्यात पांढरी गिटार. बाजूला स्वप्नील, त्यानेच ती रात्रीत कुणाकडून तरी मागून आणलेली. मृणालिनी कोल्ड्रिंक घ्यायला गेली होती. मी अभ्रा काढला. एका पोराने वाकडा दांडा बघितला, मग पाकळ्या, मग तांदूळ. त्याने दुसऱ्याला बोलावलं. मग सगळेच आले. फोन निघाले. मला वाटलं, डिझाइन आवडलं. मी गरुड नीट दिसावा म्हणून गिटार वर धरली.

मग कळलं, हसतायत.

इशिताच्या शेजारी एक मुलगी होती, मनाली नावाची. तिने इशिताला विचारलं, ये कौन है, तेरे पापा?

इशिताने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मग हिंदीतच म्हणाली, नाही, आमच्या बिल्डिंगमधले अंकल आहेत.

स्वप्नीलचा चेहरा पडला. तो काहीतरी बोलणार होता. मी मानेनेच नको म्हटलं. तिचा नंबर लागला होता.

मी गिटार पुन्हा अभ्र्यात घातली. बेटा, अच्छे से खेलना, म्हटलं. मराठीत बोललो असतो तर त्या मुलीला संशय आला असता.

इशिता म्हणाली, थँक यू, अंकल.