महागूच्या वावराखालची आग

९ फेब्रुवारी १९८६
आजपासून रोजनिशी. शोध लागणारच आहे, पुढे तारखांचा घोळ नको. सर्व्हे पार्टी रामपायली गावात महागू नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात उतरली आहे. कॉलेजचा फिजिक्स लेक्चरर म्हणून मदतीला मी. जमिनीत कॉइल पुरायची, इलेक्ट्रोड गाडायचे, खालून वीज कशी वाहते ते मोजायचं. परदेशात ज्वालामुखीखालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, असाच शोधतात. जिऑलॉजीच्या गुणाकरला बोलावलं नाही. उत्तम.

११ फेब्रुवारी
महागू विचारतो, वावरात हे काहून गाडून राह्यले? अडाणी. आणखी एक इलेक्ट्रोड गाडला.

१४ फेब्रुवारी, दुपारी ३
विद्युतरोधाचा ग्राफ धाडकन खाली. म्हणजे खाली वीज सहज वाहते. म्हणजे मॅग्मा. पार्टीचे साहेब म्हणाले, घाई नको, गणित व्हायचंय. भित्रे. गुणाकर स्टाफरूममध्ये म्हणाला, ओल्या चिकणमातीतूनही वीज वाहते. जळतो मेला.

१६ फेब्रुवारी
शाळेच्या पटांगणात गावाला सांगितलं, तुमच्या पायाखाली ज्वालामुखी आहे. भाषण रंगलं. दोन म्हाताऱ्या रडल्या.

२ मार्च
महागू घरी आला, चपला न काढता. किरनापूरच्या भोजराजने आपल्या मुलाशी ठरलेली महागूच्या शीलाची सोयरीक मोडली. महागू म्हणाला, "आगीवरच्या घरची पोरगी कोण करते साहेब? पोरगी दोन दिवसांपासून जेवून नाही राह्यली." मी म्हणालो, विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं. म्हणाला, "मंग तुम्ही सोसा ना." उद्धट. हिने त्याला चहा दिला. मला नाही.

१९ मार्च
रिपोर्ट आला. ओली चिकणमाती. मॅग्मा नाही. यंत्र जुनं असणार.

२० मार्च
ही म्हणाली, किरनापूरला जाऊन खरं सांगा, तोवर माझ्याशी बोलू नका. बरंच झालं. शांततेत वाचन करीन.

२३ मार्च
वाचन झालं नाही.

२४ मार्च
महागूसोबत किरनापूरला. बस रिकामी, तरी तो शेजारी बसला नाही. भोजराजला लिहून दिलं, रामपायलीत आग नाही. खाली सही, एम.एस्सी.सकट. त्याने विचारलं, ज्वालामुखी सांगणारे तुम्हीच ना? हौ म्हणालो. म्हणाला, "मंग तुमच्या सहीचं काय करू? गुणाकर सरची आणा."

२५ मार्च
गुणाकरने दारातच उभं ठेवलं. त्याच कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, माझी सही खोडली, आपली केली.

३ मे
शीलाच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर फक्त हिचं नाव. मीही जाणार आहे. कोणी विचारलं तर हिचा नवरा म्हणून सांगेन. फिजिक्सचं काढणार नाही.