उसनं नाक

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
खारूचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, माझ्या अंगाची नुसती आग होतेय. सुट्टीत तुला चादर गुंडाळून, हातात पाण्याचा जग देऊन तासभर उभं केलं होतं ना, ते चित्र मी वर्गात दाखवलं. चादरीच्या चुण्या सरांना आवडल्या, अगदी ग्रीक वाटतात म्हणाले. मग खोडरबर घेतलं आणि मला न विचारता तुझं नाक खोडलं! त्या जागी वर्गातल्या प्लास्टरच्या ग्रीक देवीचं सरळसोट नाक काढलं. वर म्हणाले, सौंदर्याची मापं ग्रीकांनी ठरवून ठेवलीत, वाकड्या नाकाला प्रदर्शनात जागा नाही. शनिवारी चित्रं लागणार. हे असंच दिलं तर नक्की निवडतील, पण ती तू नाहीस. काय करू?

बाबांना सांगू नकोस, ते काठी घेऊन येतील. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी खारू

७ फेब्रुवारी

चि. खारूस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझी भाजी करपली. हे नाक तुझ्या बापाने लहानपणी दार आपटून वाकडं केलं, पण त्यानेसुद्धा कधी त्याला नावं ठेवली नाहीत. हा कोण टिकोजीराव लागून गेला?

आता ऐक. ती देवी आमच्याच प्लास्टरच्या मूर्तींच्या कारखान्यात ओतलेली आहे. मूळ मूर्तीलाच नाक नव्हतं, कधीचं मातीत गेलेलं. मालक म्हणाले, बिननाकाची कॉलेजवाले घेणार नाहीत, संध्याकाळपर्यंत बसव. मी ग्रीक माणूस कुठून आणू? समोर रखवालदार डुलक्या काढत होता, त्याचं बघून बसवलं. तुझे सर त्यालाच पूजतात! जोड दिला की आतून ओल्या प्लास्टरवर अंगठा दाबायची आमची रीत. देवी पोकळ आहे, खालून बॅटरी मारून बघा. माझ्या अंगठ्यावरचा वण तुला पाठ आहे.

रडू नकोस, भांड. आणि जेवत जा.

आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलेलं सांगितलं तर सर आधी हसले. मग आम्ही चौघींनी देवी आडवी केली. नाकामागे तुझा अंगठा, वणासकट! सर बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, असेल, पण परीक्षकांना हेच नाक लागतं. म्हणजे रखवालदाराचं चालतं, तुझं चालत नाही! मी त्यांच्यासमोर ते खोडून तुझं काढलं. कागद जरा सोलला. चित्र निवडलं नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

देवी मात्र प्रदर्शनात दारातच उभी केलीय. खाली पाटी आहे, ‘शिल्पकार अज्ञात’. मी पेन काढून त्याखाली लिहिलं, ‘नाक: माझी आत्या’. सर दोनदा तिथून गेले. अजून कुणी पुसलेलं नाही.

रविवारी ये, तसंच नाक घेऊन.

तुझीच,
खारू