राजमतीआक्कांचा राहण्याचा हक्क

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! शाहूपुरीच्या मागल्या गल्लीत दोन खोल्या, स्वयंपाकघर, परसात पेरू. उदयसिंह एजंटनं किल्ली देताना घर मला एवढं स्वस्तात का मिळालं तेही सांगितलं. जुन्या खरेदीखतानं राजमतीआक्का नावाच्या विधवेला मरेपर्यंत इथं राहायचा हक्क दिलाय. बाई कैक वर्षांपासून बेपत्ता, मेल्याचा दाखला नाही, म्हणून प्रॉपर्टी कार्डावर नाव तसंच. आदितीच्या बापानं तर मला ऐकवलंय, "कॉलेज सोडलंस, आता कार्डावर तुज्या एकट्याचं नाव दाव, मग पोरीचं बोलू." दावतोच.

८ फेब्रुवारी
उदयसिंहनं मजकूर सांगितला, कार्डावरचं आक्कांचं नाव कमी करायला मी प्रतिज्ञापत्र केलं: मी भाचा, आक्का माझ्यासमोर गेल्या, अग्नी मीच दिला. नोटरीनं वर बघितलंसुद्धा नाही. खोटं तर खोटं. आदितीसाठी मी काहीही लिहून देईन.
संध्याकाळी शेजारच्या मीनाबाई भाकरी घेऊन आल्या. दोघांपुरती. म्हणाल्या, भाचा आला म्हणून आक्का लय खूश हायत. मी तोंडाला येईल ते बोललो. त्या हसत गेल्या.

१३ फेब्रुवारी
सिटी सर्व्हेचा माणूस पाहणीला आला. घरात कोण राहतं, त्यानं मीनाबाईंना विचारलं. त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट केलं. तो आत डोकावला आणि पायातले बूट काढून उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता निघून गेला. मी आत गेलो तर रिकामी खाट. हात लावला— कोमट.
उदयसिंह म्हणाला, त्याचं मी बघतो, तू गप बस.

२० फेब्रुवारी
आज आक्कांचं नाव कमी झालं! आदितीला फोन केला, ती रडलीच. उद्या बापाला घेऊन घर बघायला येतेय.

२१ फेब्रुवारी, सकाळी
खाटेवर बाई आहे. म्हातारी. थंडगार.
मीनाबाई खिडकीतून म्हणाल्या, "काल कागदावर गेली, काल खरीबी गेली. आता अग्नी तूच देणार न्हवं?"
पोलिसांत जाऊन सांगू काय? ही जळाली असं मीच शपथेवर लिहिलंय.

दुपारी
उदयसिंह फोन उचलत नाही. परसात लाकडं रचलेली— मी नाही रचली. नाही देणार अग्नी. कोण लागते माझी?
स्वयंपाकघराला कुलूप घातलंय. आदितीला येऊ नको म्हणून तीनदा फोन— लागत नाही.

चार वाजता
आली. बाप बाहेर गाडी लावतोय. मी अडवलं तर हसली, म्हणाली स्वयंपाकघर आधी बघणार, आणि सरळ— कुलूप कुणी काढलं?
दार लागलं. खांद्यानं ढकलतोय, हलत नाही. आत आदिती कुणाला तरी मावशी म्हणतेय. भांडी वाजतायत.
आता म्हातारा आवाज, अगदी दाराशी—
"अग्नी दिला न्हाईस न्हवं. ऱ्हाऊदे. आता माझ्या जागी हिचं नाव लाव. मरंपातूर ऱ्हाईल हितं."
आदिती व्हय म्हणाली. मी ओरडतोय, तिला ऐकूच— बाप पायरीवर आला, विचारतोय आदिती कुठाय— त्याला काय सांगू, मीच तर आक्कांची जागा रिकामी—