पॅलिओ मी चालवणार हाय

दादा,

मी निलंग्याला चालले. काल तू फोनवर तिथल्या त्या गाडीवाल्याला म्हणालास, "बहिणीला चालवायचीय, तिला बाराशे सीसीची पॅलिओ लई झाली. सोळाशेची दुसऱ्याला द्या." मी दारातच उभी होते.

रोज अहमदपूरला ड्युटीला मी जाते. उसाच्या ट्रॉल्या मला ओव्हरटेक कराव्या लागतात. तिथं इंजिनात जोर नसला तर समोरचा ट्रक माझ्या अंगावर येणार हाय, तुझ्या न्हाई. दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या तेव्हा तूच म्हणालास, सोळाशेचीच घे. मग परक्या माणसाशी बोलताना मी एकदम बाईमाणूस झाले काय?

आईला आज दवाखान्यात तूच ने. मी सोळाशेची घेऊनच येते. आता बाजूच्या सीटवर गप बसायची सवय कर.

महामाया