सहा नंबरचा पाय

४ मार्च

— टाच आत गेलीच नाही. नमुने शिवणाऱ्या मास्तरांनी खाली बसून बूट धरला, मी भिंतीला हात टेकून जोर लावला. शिवण कुरकुरली. "थांबा बाई, फाडाल!" थांबले. बूट काढला तर करंगळी लालभडक. सहा नंबर. माझाच नंबर! या कारखान्यातला प्रत्येक बायकी बूट आधी माझ्या पायात जातो, मग दुकानात. मी तो घालून जिना चढते, उतरते, उकिडवी बसते आणि कुठे टोचतं ते सांगते. नोकरी हीच. ठरावीक मापाचा पाय आणि खरं बोलणारी जीभ.

मास्तरांनी लाकडी फर्मा उचलला. ज्यावर बूट चढवून शिवतात तो लाकडाचा पाय. बोटाने वाजवून पाहिला, उजेडात धरला.

"आटलंय लाकूड. हवा कोरडी आहे."

"की माझाच पाय सुजलाय?"

"तुमचा पाय मला माझ्या हातापेक्षा ठाऊक आहे. पाय खरा. लाकूड खोटं."

फर्म्याच्या बाजूला चामड्याची पातळ पट्टी चिकटवली. त्यावर नवा नमुना केला. बसला. दिवस चांगला गेला.

९ मार्च

अंगठी निघत नाही. साबण, तेल, दोरा. नवरा म्हणाला, "राहू दे की. काढून कुठे जाणारेस?" हसलो दोघं. बोट मात्र ठणकतंय.

१७ मार्च

डोकं. कपाळाच्या मागे, खोल. कुणीतरी आतून अंगठा रोवून बसलंय.

आणि घाम! बाकीच्या बायका स्वेटर घालून बसतात आणि माझी पाठ निथळते. आज शिलाईवालीने मशीन पलीकडे सरकवून घेतलं. बोलली काही नाही. नाक बोललं तिचं.

डॉक्टरांकडे गेले. नेहमीचेच, पोरीच्या जन्मापासूनचे.

"चाळिशी आली. वजन उतरवा. डोक्याला ताप करून घेऊ नका."

पाळी पाच महिने आली नाही, सांगितलं.

"तेच तर म्हणतोय मी."

थायरॉइड तपासलं, ठीक आहे. साखर जराशी वर. "चालत जा रोज." म्हटलं, डॉक्टर, मी चालण्याचाच पगार घेते. खो खो हसले. मी गोळ्या घेऊन घरी.

३० मार्च

नमुना पुन्हा चावला. मास्तरांनी दुसरी पट्टी लावली. या वेळी लाकूड वाजवून पाहिलं नाही.

६ एप्रिल

दुकानदाराचा फोन मी घेतला. "साहेब, माल कधी येतोय?" साहेब! चूक सुधारली नाही. येतोय म्हटलं.

रिसीव्हर ठेवल्यावर मोरीत जाऊन एकटीनेच बोलून पाहिलं. माझं नाव. पोरीचं नाव. आवाज घशातून येत नव्हता, खालून कुठून तरी येत होता. जीभ तोंडात मावत नाही असं वाटतं. मावते. पण दातांच्या खुणा उठतात तिच्यावर.

१९ एप्रिल

आरशात माझ्यासारखीच कुणीतरी आहे. घाईत घडवलेली. नाकाला माती जास्त झाली आहे, हनुवटीलाही. खालच्या दातांत फटी. या कधी पडल्या?

नवऱ्याला विचारलं. "मला तर रोजचीच दिसतेस." प्रेमाने म्हणाला. रडू आलं ते त्याला कळलं नाही.

जेवण निम्मं केलंय. वजन उतरत नाही. चरबी असती तर उतरली असती. हे दुसरंच काहीतरी वाढतंय.

११ मे

माल परत आला. सगळा. खोक्यांची चळत दारापर्यंत. सहा नंबर घेणाऱ्या बायकांच्या टाचा बाहेर येतायत! मालकांनी एक जोड काढून मास्तरांच्या टेबलावर आपटला.

"मास्तर, हत्तिणींसाठी शिवलेत काय?"

मास्तरांनी बूट आतून चाचपला. मग फर्मा हातात घेतला आणि एकेक करून पट्ट्या सोलून काढल्या. उघडं लाकूड एका बुटात घातलं. आत खडखडलं.

मी पुढे झाले. "मालक, चूक त्यांची नाही. पाय वाढलाय माझा."

मग शिलाईवाली फिस्सकन हसली आणि सगळे सुटले. मालकसुद्धा.

"अहो बाई, या वयात? मग उंचीही वाढली असेल! नवऱ्याला स्टूल घेऊन द्या." आणि लगेच तोंड कडू करून, "त्यांना वाचवायला काहीही बोलू नका. बायकांचे पाय या वयात वाढत नसतात."

मी चप्पल काढून पाय दाखवला. बघायलाही कुणी वाकलं नाही.

मास्तरांना उद्यापासून येऊ नका सांगितलं. हत्यारं पिशवीत भरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. तसं का पाहिलं कळत नाही.

१२ मे

वाढणं थांबत नाही.

२० मे

मी काय केलं ते इथेच लिहिते. जुने बूट काढले, खरे सहा नंबरचे, कडक चामड्याचे. घरात कुणी नसताना ते घालतेय आठवडाभर. नाडी करकचून. वरून पट्टा. झाड खुजं ठेवायला तारेने आवळतात, तसं. वाढूच द्यायचा नाही. पहिले दोन दिवस दुखलं, मग बधिर. बरंच वाटलं बधिर झाल्यावर!

आज पोरगी मैदानावरून लवकर आली. मी खुर्चीत, पाय पुढे, डोळे मिटलेले.

"आई? काय चाललंय हे?"

"काही नाही. सैल करतेय बूट."

"सैल? अगं रक्त आहे मोज्यावर!"

गाठ सुटेना. तिने कात्रीने नाडी कापली. अंगठ्याचं नख काळं पडून हललं होतं. तिने टब आणला, पाय पाण्यात घेतले आणि शिव्या देत राहिली. कुठून शिकते कोण जाणे. "मूर्ख आहेस तू. महामूर्ख! परत केलंस ना तर बाबांना सांगेन." मग हळूच, "खरंच वाढतोय का गं?"

हो म्हटलं.

"मग वाढतोय," ती म्हणाली.

एवढ्या महिन्यांत हे म्हणणारी ही पहिली.

२ जून

गुडघे. जिना बसत बसत उतरले. नवीन मुलगी ठेवली आहे पायासाठी. मला खोकी चिकटवायला बसवलं.

१४ जून

मावशी आली. परदेशी असते लेकाकडे, तीन वर्षांनी आली. दार मी उघडलं. ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "आहे का आमची भाची?"

मी म्हटलं, मावशी, मीच.

तिच्या हातातली बॅग खाली पडली. बसायला सांगितलं तर बसली नाही. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलं. "हे काय झालंय तुझं? कुणी सांगितलं नाही मला? ए, तू काय झोपला होतास काय रे?" हे माझ्या नवऱ्याला. तो बिचारा टॉवेल हातात घेऊन उभा. "मावशी, रोज बघतो ना, म्हणून…" "रोज बघतोस म्हणूनच आंधळा आहेस!"

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसले. मला बघून कुणीतरी घाबरलं. शेवटी!

१६ जून

मावशीने मला डॉक्टरांपुढे बसवलं आणि पर्समधून माझ्या लग्नातला फोटो काढून टेबलावर ठेवला. "ही कोण? आणि ही कोण? सांगा."

डॉक्टर फोटो बघत राहिले. मग माझे हात मागितले. तळवे, पाठ. जीभ. दात. बाहेर पेशंटची रांग होती, तरी दार लावून घेतलं. "चुकलं माझं," म्हणाले. "तुम्ही दर महिन्याला येत होता. थोडं थोडं दिसलंच नाही." चिठ्ठी लिहिली. हार्मोन्सच्या डॉक्टरांसाठी, मोठ्या इस्पितळात.

मावशी बाहेर येऊन म्हणाली, "चांगला आहे गं माणूस. झोडपायचं ठरवून आले होते."

२७ जून

साखरेचं पाणी प्यायला दिलं, मग ठरावीक वेळाने रक्त काढत राहिले. साखर पोटात गेली की वाढीचं हार्मोन खाली यायला हवं. माझं येत नाही. मग यंत्राच्या नळीत झोपवलं डोक्याच्या फोटोसाठी. आत ठोकल्याचा आवाज. मला उगाच मास्तर आठवले.

१ जुलै

नाव आहे त्याला. नाव आहे! मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी, वाटाण्याएवढी. तिच्यावर गाठ. कर्करोग नाही. ती गाठ वाढीचं हार्मोन सोडत बसली आहे, मोठ्या माणसाला ज्याची इतकी गरज नाही ते. म्हणून हात, पाय, जबडा, जीभ. म्हणून घाम, साखर, पाळी, सगळं. हार्मोन्सच्या डॉक्टर बाईंनी एका दमात सांगितलं आणि मी एका दमात रडले.

मग डोळ्यांची तपासणी. पांढऱ्या भांड्यात तोंड घालायचं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं छान केलं. बाहेरच्या कडांचे ठिपके मला दिसलेच नव्हते. गाठ डोळ्यांच्या नसांवर टेकली आहे. "उशीर नको," म्हणाल्या. नाकातून जाऊन काढतात.

हाडं परत पूर्वीसारखी होतील का?

"हाडं नाही. सूज उतरेल. पण वाढ थांबेल. आधी ते थांबवू."

नवरा रिक्षात माझा हात धरून बसला. तो मोठा हात. "मी बघितलंच नाही," एवढंच म्हणत होता.

३ जुलै

मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं, गाठीपासून. मग म्हणाले, "म्हणजे लाकूड खरं होतं."

म्हटलं, हो.

"मला त्या दिवशीच कळलं होतं बाई, पट्ट्या सोलताना. पण म्हटलं, बाईमाणसाला कसं सांगायचं की पाय मोठा झालाय?"

तेवढंच बोलायला तर मी उभी होते सगळ्यांपुढे. रिपोर्ट घेऊन मालकांकडे जाणार आहे, असं सांगितलं. "आधी डोळे सांभाळा," म्हणाले. "मालक कुठे पळत नाही."

१२ जुलै

भीती वाटते. नाकातून मेंदूपर्यंत. उठलेच नाही तर? उठले आणि दिसलं नाही तर? पोरीचा चेहरा समोर धरून बघत बसते. ती वैतागते. "फोटो काढ ना त्यापेक्षा!"

२१ जुलै

तारीख मिळाली. पुढचा गुरुवार.

आज शाळेला सुट्टी म्हणून पोरगी पहिल्यांदाच सोबत आली. डॉक्टर बाईंनी तिला कागदावर ग्रंथी काढून दाखवली, हिने शंभर प्रश्न विचारले. मला आवडलं ते. मग त्यांनी विचारलं, "कितवीत आहेस?"

"आठवीत."

"आठवीत?" पुन्हा विचारलं. "जरा उभी राहा बघू."

पोरगी ऐटीत उभी राहिली. "यंदा उंचीत बाबांना मागे टाकलं मी! आता आमच्या संघात चेंडू माझ्याकडेच फेकतात."

डॉक्टर बाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"भविष्य सांगता का डॉक्टर?"

"डोकं दुखतं का गं कधी?"

"गणिताच्या तासाला!"

सगळे हसलो. त्याही हसल्या, जरा उशिरा. किती माया लावतात माणसं!

घरी आल्यावर कपाट आवरलं, इस्पितळाची पिशवी भरली. डोकं दुखत होतं, तरी बोलत होते सारखी. आज पहिल्यांदा वाटतंय की हे थांबेल. गुरुवारी माझ्यापाशीच थांबेल आणि घरातून जाईल.

२२ जुलै

सकाळी इस्पितळातून डॉक्टर बाईंचा फोन आला. ऑपरेशनची तारीख तीच आहे. सोमवारी येताना मुलीला घेऊन या म्हणाल्या, उपाशीपोटी. रक्त घ्यायचंय, आणि डोक्याचा फोटो. नवऱ्याने विचारलं, कुणाचा फोन. इस्पितळाचा म्हटलं. पोरगी झोपली आहे. अजून उठवलं नाही.