दोरा उजवीकडे गेला तेव्हा

फुल्डा, १४ ऑक्टोबर

प्रिय गेझीना,

तुला आणि तुझ्या तिरसट मांजरीला नमस्कार. इकडे सगळं ठीक. प्लमचा केक यंदाही मधे कच्चा राहिला. विद्यार्थ्यांनी तो निष्काम बुद्धीने खाल्ला. संस्कृत व्याकरणाच्या वर्गात सात जण होते, आता चार आहेत. 'लोप' म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तुझं कार्ड मिळालं. "क्लबच्या यादीतून माझं नाव काढ. जिच्या पायांना डावं-उजवं कळत नाही तिने अकरा वर्षं तिथे कशाला लटकावं?" चिटणीस म्हणून एका ओळीत उत्तर देता आलं असतं. भाऊ म्हणून हा चौथा कागद.

रविवारची हवा तू ओळखली असतीस. दरीत धुकं सायीसारखं धरलेलं, वर ऊन अगदी पातळ. आमच्या क्लबच्या ग्लायडरला इंजिन नाही. वर गेलं की ऐकू येतो तो फक्त वारा, तोही झोपेत कूस बदलल्यासारखा. डावा पंख लवला, क्षितिज तिरपं झालं आणि कुरणं, छपरं, चर्चचा मनोरा एकेक करून नाकासमोरून सरकत गेले. आपण वळतोय असं वाटतच नाही. जगच आपल्याला प्रदक्षिणा घालतंय असं वाटतं. अहंकाराला इतकं सोयीचं वाहन दुसरं नाही.

मी शिकवायचो ते तुला पाठ असेल. वळण घ्यायचं पंखांनी. पाय फक्त त्याची लाज राखतो. पण वर उठणाऱ्या पंखाला हवा जास्त अडवते, म्हणून डावीकडे निघालेलं नाक आधी क्षणभर उजवीकडे जातं. समोरच्या काचेवरचा लोकरीचा दोरा तेवढ्यात चहाडी करतो आणि उजवीकडे पडतो. मग डावं पेडल दाबून शेपटीच्या सुकाणूने नाक ताळ्यावर आणायचं. हात आणि पाय, द्वंद्व समास. एक पद गळलं की अर्थ घसरतो. हे पत्रही जायचं त्याच्या उलट दिशेला निघालंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तर त्या वळणात, पुढे बसलेली आमची नवी मुख्य शिक्षिका वीबके मागे न बघता म्हणाली, "हार्टविग, पाय काढ बरं. तू माझ्या पेडलवर टेकून बसलायस."

टेकलो होतो खरा. दोन्ही आसनांची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात. मागचा विसावला की पुढच्याला जड जातं. मी पाय काढला आणि उतरेपर्यंत खाली कुरणांकडे बघत बसलो. तिला वाटलं, मी निसर्ग बघतोय.

गेझीना, मला हे रविवारी कळलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी, त्या दिवशी, उतरण्याआधीच्या शेवटच्या डाव्या वळणात दोरा उजवीकडे गेला आणि तिथेच राहिला. मी मागून ओरडलो, डावा पाय. तू म्हणालीस, "दाबतेय रे दादा, पण जड लागतंय. कुणी धरून ठेवल्यासारखं."

"भीतीने लागतं तसं," मी म्हणालो, आणि विमान स्वतःच्या हाती घेतलं. तेव्हा माझा उजवा पाय पेडलवरून उचलला गेला आणि दोरा मधोमध आला. चाक जमिनीला लागायच्या आधीच मला सगळं कळलं होतं.

खाली क्लबातला ओटमार तुझ्यासाठी काटेरी फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. दुपारी तू पहिल्यांदा एकटी उडणार होतीस, आणि उतरल्यावर आमच्या रीतीप्रमाणे बुडावर चापट्या मारायला अख्खा क्लब तयार होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हिला अजून डावं-उजवं कळत नाही." सगळे हसले. तूही हसलीस. मग हातमोज्यांची नीट घडी घातलीस आणि गेलीस.

शब्द सापडले नाहीत असं म्हणणार नाही. दोन हजार धातू पाठ आहेत मला, 'क्षम्' धरून.

काल क्लबच्या सभेत उभं राहून सगळं सांगितलं. ओटमार एवढंच म्हणाला, "अकरा वर्षं, हार्टविग?" आणि कॉफी तशीच टाकून गेला.

यादी शुक्रवारी छापायला जाते. तुझं नाव मी काढलेलं नाही. खरं काय ते कळल्यावर काढायचं की ठेवायचं, ते तू पुन्हा सांग. शिक्षकांच्या यादीतलं माझं नाव मात्र काढलं आहे.

तुझे पाय तेव्हाही बरोबर होते.

ज्याला तू दादा म्हणायचीस, आणि यापुढे नाही म्हटलंस तरी चालेल, तो
हार्टविग