जिनोआत बंदराला जाणारी बस

८ सप्टेंबर, स्टॅनमोर, लंडन
प्लॅन फायनल. अठराला आमच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी जिनोआच्या बंदरातून बोटीत बसायचं, ही नीनाची फार जुनी इच्छा. दर वर्षी माझा रिसर्च अपुरा पडायचा, म्हणून राहिलं. आता ती जाऊन वर्ष झालं. मी एकटा जाणार, तेही पब्लिक ट्रान्सपोर्टने.
ईशानी म्हणाली, बाबा, मी येते, नाहीतर तिकडे टॅक्सी तरी कर. मी म्हटलं, तुझा बाप या देशात जन्मभर बसने फिरलाय. रस्ता कोणाला विचारायचा नाही, हा आपला बाणा. ते खातं तुझ्या आईकडे होतं.

१५ सप्टेंबर, जिनोआ
ट्यूब, ट्रेन, विमान, बस. एकही चूक नाही! हॉटेलच्या दारातच बसस्टॉप, बंदराला थेट बस. उद्या रिहर्सल.

१६ सप्टेंबर, दुपारी
बसने दफनभूमीला नेलं. नंबर बरोबर होता, म्हणजे गोंधळ इटालियन लोकांचा. शेवटचा स्टॉप म्हणून ड्रायव्हरने उतरवलं. गेटबाहेरची फुलवाली हसली.
परत येताना हॉटेल दिसलं, भूक लागली होती, उतरलो.

१७ सप्टेंबर, सकाळी
पुन्हा दफनभूमी.
बसमध्ये शेजारची सीट रिकामी. मध्येच स्पष्ट ऐकू आलं, अहो, विचारा ना कोणाला तरी. मी म्हटलं, तू गप्प बस. जरा मोठ्यानेच म्हटलं असणार, कारण पुढचा माणूस उठून मागे गेला.
अंगावर काटा आला. एसीमुळे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मी इंजिनीअर आहे.

१७ सप्टेंबर, दुपारी
तिसऱ्यांदा! फुलवालीने ओळखीची मान डोलावली.
आता शंकाच नको. नीना बोलावतेय.
आत गेलो. संगमरवरी बायका, माना खाली घातलेल्या. एकीचा पदर घ्यायचा ढंग थेट नीनाचा. मग तिच्यापाशी बसलो. बॉयलर बिघडल्याचं सांगितलं, ईशानीच्या प्रमोशनचं सांगितलं. वर्षभरात कोणाशी इतकं बोललो नव्हतो. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी
ईशानीला फोन केला. म्हटलं, आई मला बोलावतेय. ती म्हणाली, बाबा, स्टॉपचा फोटो पाठव. पाठवला. म्हणाली, तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, तू राँग साइडला उभा राहतोयस. बंदराची बस समोरच्या स्टॉपला.
ठाण्यात काय, स्टॅनमोरला काय, जन्म डावीकडे गेला. पाय आपोआप तिकडेच वळले. एवढंच होतं.
म्हणजे नीना बोलावत नव्हती.
ईशानीला म्हटलं, मला ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो. जेवलो नाही.
उद्या रस्ता ओलांडायचा. ठरलं म्हणजे ठरलं.

१८ सप्टेंबर
नीनाने घेतलेला निळा शर्ट घातला. समोर बंदराची बस उभी होती. रस्ता रिकामा. पण गुडघा दुखत होता, ओलांडला नाही.
इकडची बस आली. चढलो. खिडकीची सीट सोडून बसलो. एका बाईने खुणेनं विचारलं, इथे बसू का? मी मान हलवली. सांगितलं, आमची मंडळी आहे तिथे.
बोटीचं पुढच्या वर्षी बघू.